प्राधान्य आणि क्रम : वेळेच्या नियोजनाच्या पुस्तकांचं एक वाचन

आज ज्या पुस्तकांबद्दल बोलायचं ठरवलंय, त्यांच्याकडे समीक्षक सहसा फिरकत नाहीत. रेल्वे स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर, अगदी पुढच्या रांगेत, चकचकीत वेष्टनात ती मांडलेली असतात. वेळेचं नियोजन कसं करावं, कामं मार्गी कशी लावावीत, पहाटे उठून काय काय साधावं. आपण एखाद्या आत्मचरित्रावरून दोन-दोन तास भांडतो, पण ही पुस्तकं लोकांच्या रोजच्या दिवसात जितकी शिरली आहेत तितकं कुठलंही आत्मचरित्र शिरलेलं नाही. कचेरीत त्यांच्यावरून प्रशिक्षणं होतात, कॉलेजात होतात, हल्ली शाळेतल्या मुलांनाही त्यातल्या चौकटी भरायला देतात. मग ती पुस्तक म्हणून वाचायला नकोत का? त्यात बोलतंय कोण, कोणाशी बोलतंय, आणि गप्प कोण बसलंय, असं.

आधीच सांगून टाकतो, मी या पुस्तकांचा वैरी नाही. मी बँकेत नोकरी केली. नव्वदच्या दशकात आम्हाला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथल्या सरांनी फळ्यावर एक उभी रेघ मारली, एक आडवी. चार घरं झाली. तातडीचं आणि महत्त्वाचं; महत्त्वाचं पण तातडीचं नाही; तातडीचं पण महत्त्वाचं नाही; आणि दोन्ही नाही. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी ही चौकट पाहिली असेल. मी ती घरी येऊन नव्या डायरीत आखली आणि त्यानंतर बरीच वर्षं दर सोमवारी आखत राहिलो. मला तिचा फायदा झाला, खोटं कशाला बोलू? थकीत कर्जांचे कागद मी पूर्वी शेवटच्या आठवड्यात उपसायचो, ते दुसऱ्या आठवड्यात उपसू लागलो. साहेब खूश. (हशा)

तर ही चौकट आली कुठून? तिला ‘आयसेनहॉवर मॅट्रिक्स’ म्हणतात. अमेरिकेचे अध्यक्ष, दुसऱ्या महायुद्धातले सरसेनापती. म्हणजे नावातच दरारा. पण आयसेनहॉवरांनी अशी चौकट काढलेली नाही. ऑगस्ट १९५४ मध्ये इलिनॉय राज्यातल्या इव्हान्स्टनला, चर्चच्या एका जागतिक परिषदेत त्यांचं भाषण झालं. त्यात त्यांनी तातडीचे प्रश्न आणि महत्त्वाचे प्रश्न यांत फरक केला, आणि तोही स्वतःचा म्हणून नव्हे, एका कॉलेजच्या माजी अध्यक्षांचं म्हणणं म्हणून सांगितला. शब्दाकडे लक्ष द्या. ते ‘प्रश्नां’बद्दल बोलत होते. जगापुढचे, राष्ट्रापुढचे, त्यांच्या टेबलावर येणारे प्रश्न. ‘कामं’ हा शब्द नंतर आला. स्टीफन कव्हींचं ‘द सेव्हन हॅबिट्स ऑफ हायली इफेक्टिव्ह पीपल’ १९८९ साली निघालं, आणि त्यातल्या तिसऱ्या सवयीच्या प्रकरणाने ही चार घरं जगभर नेली. मग प्रशिक्षणवाल्यांनी प्रत्येक घराला एकेक हुकूम चिकटवला: हे लगेच करा, हे ठरवून ठेवा, हे दुसऱ्यावर सोपवा, हे सोडून द्या.

अध्यक्षाच्या टेबलावरचा प्रश्न माणसाच्या दिवसातलं काम झाला, तेव्हा एक गोष्ट वाटेत गळून पडली. अध्यक्षाच्या दाराशी एक माणूस बसलेला असतो. आयसेनहॉवरांच्या दाराशी शेरमन ॲडम्स होते, त्यांचे चीफ ऑफ स्टाफ. कुठला कागद आत जाणार, कुठला माणूस आत जाणार, हे बऱ्याच अंशी ते ठरवायचे. म्हणजे अध्यक्षांना तातडीचं आणि महत्त्वाचं वेगळं करता येत होतं, कारण गाळणी दाराबाहेर लावलेली होती. आपल्या हातात चौकट आली, ॲडम्स काही आले नाहीत.

आता तिसरं घर घ्या, ‘दुसऱ्यावर सोपवा’. हा दुसरा कोण? या सगळ्या साहित्यात हा ‘दुसरा’ सतत हजर असतो आणि त्याला चेहरा नसतो. तो कधी नाही म्हणत नाही. त्याची स्वतःची चौकट नसते. तुमच्या तिसऱ्या घरातलं काम त्याच्याकडे गेलं की त्याच्या पहिल्या घरात जाऊन पडतं, हे पुस्तक सांगत नाही. मी शिपायाला सांगायचो, शिपाई कॅन्टीनच्या पोऱ्याला सांगायचा. पोऱ्याने कोणाला सांगायचं?

कव्हींवर अन्याय नको. सोपवणं म्हणजे नुसतं कामं ढकलणं नव्हे, हे त्यांनी एका चांगल्या गोष्टीतून सांगितलंय. सात वर्षांच्या मुलावर ते अंगण सोपवतात. निकष दोनच: हिरवं आणि स्वच्छ. कसं करायचं ते मुलानं ठरवायचं. आधी दोन आठवडे शिकवतात. पहिले काही दिवस मुलगा काहीच करत नाही, गवत पिवळं पडायला लागतं, बापाच्या तोंडावर शब्द येतात आणि तो गिळतो. शेवटी मुलगा रडकुंडीला येतो, बाप ठरल्याप्रमाणे विचारतो की मी काय मदत करू, आणि मुलगा त्याला मेजवानीचा उरलेला कचरा उचलायला सांगतो, कारण त्याला त्याची किळस येते. गोष्ट खरंच गोड आहे. बापाचा संयम खोटा वाटत नाही.

पण ती अंगणाची गोष्ट आहे. अंगण आठवडाभर पिवळं राहिलं तर चालतं. सकाळी सातला जाणारा डबा आठवडाभर शिकत बसत नाही. म्हणून मी असं म्हणतो की पुस्तकानं उदाहरण निवडलं तिथेच उत्तर निवडलं. थांबू शकणारं काम घेतलं की सोपवणं सोपं दिसतं.

कव्हींचं दुसरं पुस्तक ‘फर्स्ट थिंग्ज फर्स्ट’, रॉजर आणि रिबेका मेरिल यांच्याबरोबर लिहिलेलं, १९९४ चं. त्यात त्यांच्या मुलीचा प्रसंग आहे. तिला बाळ झालंय. ती वडिलांना सांगते की माझा सगळा वेळ बाळातच जातो, दुसरं काही होत नाही. आणि वडील, म्हणजे हे कव्ही, तिला काय सांगतात? डायरी, वेळापत्रक बाजूला ठेव, या दिवसांचा आनंद घे. या साहित्यातला हा मला सगळ्यात प्रामाणिक प्रसंग वाटतो. ज्यांचं नाव पुढे डायऱ्या विकणाऱ्या फ्रँकलिन-कव्ही या कंपनीच्या पाटीवर लागलं, ते घरच्या मुलीला सांगतायत की तुझ्या दिवसाला ही डायरी लागू नाही. बाप म्हणून त्यांना ते कळलं होतं. लेखक म्हणून त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं असतं तर? बाळ असलेल्या दिवसाला डायरी लागू नसेल, तर अंथरुणावर म्हातारं माणूस असलेल्या दिवसाला? पाळीपाळीने पाणी येणाऱ्या घराच्या दिवसाला? तो अपवाद म्हणून सांगितलाय, आणि जगातल्या बहुतेक बायकांचा तो नियम आहे.

योगायोग बघा. ज्या १९८९ साली ‘सेव्हन हॅबिट्स’ निघालं, त्याच वर्षी आर्ली हॉशचाइल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंचं ‘द सेकंड शिफ्ट’ निघालं. नोकरी करणारी जोडपी, त्यांच्या घरात बसून, त्यांचा दिवस पाहून लिहिलेलं. बाईची नोकरी संपते आणि घरी दुसरी पाळी सुरू होते. वर्षाचा हिशेब मांडला तर बायका पुरुषांपेक्षा चोवीस तासांचे दिवस धरून जवळजवळ एक महिना जास्त काम करतात, असं त्यांनी मांडलं. एकाच देशात, एकाच वर्षी, दोन पुस्तकं. एक म्हणतं, तुझा दिवस तुझ्या हातात आहे. दुसरं विचारतं, कोणाचा? माझ्या प्रशिक्षणात पहिलं आलं. दुसऱ्याचं नाव मला निवृत्तीनंतर कळलं.

आपल्याकडचे आकडे हवेत तर आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराचं देशव्यापी सर्वेक्षण केलं. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात काय केलंत ते विचारायचं. घरच्यांसाठीचं बिनपगारी घरकाम त्या दिवशी केलं असं सांगणाऱ्या बायका शंभरात एक्याऐंशी होत्या, पुरुष सव्वीस. आणि ज्यांनी केलं त्यांचा सरासरी वेळ बाईचा २९९ मिनिटं, पुरुषाचा ९७. म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. वेळेच्या नियोजनाच्या पुस्तकात हे पाच तास कुठल्या घरात बसतात? मी बऱ्याचदा बसवून पाहिले. भांडी घासणं महत्त्वाचं आहे का? ‘जीवनध्येया’च्या मानाने नाही. तातडीचं? रात्रीपर्यंत नाही घासली तर सकाळी चहा कशात करणार? मग तिसरं घर. सोपवा.

(प्रेक्षकांतून : कोणावर?) हां, तेच तर.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. इंग्रजीतल्या ‘प्रायॉरिटी’ला आपण मराठीत काय म्हणतो? प्राधान्यक्रम. हा शब्द कोणी घडवला मला ठाऊक नाही, पण त्यात दोन शब्द एकत्र नांदतायत आणि ते दोन वेगळ्या जगांतले आहेत. प्राधान्य म्हणजे काय थोर, काय किरकोळ. क्रम म्हणजे काय आधी, काय नंतर. ही पुस्तकं दोन्ही एकच धरतात, जे थोर ते आधी. आणि स्वयंपाकघर तसं चालत नाही.

मटकीची उसळ घ्या. बुधवारी डब्यात उसळ द्यायची तर मटकी सोमवारी भिजायला हवी. सोमवारी रात्री उपसायची, फडक्यात बांधायची, मंगळवारी मोड येतात. सोमवारी सकाळी मटकी भिजत घालणं हे काम केवढं? अर्ध्या मिनिटाचं. थोर? छे. तातडीचं? दिसत तरी नाही. पण ते अर्धं मिनिट चुकलं की बुधवारी उसळ नाही, मग भाजी आणायला कोणीतरी धावणार. इडलीचं तसंच, दह्याचं तसंच. विरजण लावायला विसरलात तर सकाळी कितीही नियोजन करा, दही लागत नाही. इथे कामांची उतरंड नसते, गुंफण असते. एक काम आपलं आपण शिजत असतं, तोवर दुसरं होतं, आणि तिसरं कधी सुरू करायचं ते पहिल्याच्या वासावरून कळतं. कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत मुलाचे पाढे घेणारी बाई कुठल्या घरात आहे?

इ. पी. थॉम्प्सन या इतिहासकाराचा १९६७ चा एक गाजलेला निबंध आहे, घड्याळाचा वेळ आणि कारखान्याची शिस्त यांवर. तो म्हणतो की कारखान्याआधी माणसं कामाच्या लयीने दिवस मोजत. गाय दुधाला आली, भरती आली, पीक कापायला आलं. घड्याळाने ते मोडलं. आणि लहान मूल असलेल्या आईचा वेळ मात्र अजूनही पुरता घड्याळात शिरलेला नाही, असंही तो नोंदवतो. ते वाचताना मला गिरणगावातल्या खाणावळी आठवल्या. गिरणीच्या भोंग्यावर कामगाराची पाळी बदलायची. त्याला जेवू घालणाऱ्या बाईला तिन्ही पाळ्यांचा भोंगा लागू. तिची सुट्टी कुठल्याच भोंग्यात नव्हती.

मग या घरकामाला स्वतःचं साधन नव्हतं का? होतं की. आपल्या भिंतीवरच होतं. कालनिर्णय. १९७३ पासून निघतंय, त्यातल्या तिथी-सणांबद्दल मी बोलत नाहीये, त्या चौकोनांत पेनाने जे लिहिलं जातं त्याबद्दल बोलतोय. समीक्षकांनी ती हस्तलिखितं वाचायला हवीत. आमच्या घरी आईने जुनी कॅलेंडरं टाकली नाहीत, माळ्यावर गुंडाळी करून ठेवली होती, ती मी गेल्या वर्षी उलगडली. ‘दूध अर्धा जास्त.’ ‘गॅस लावला.’ ‘इस्त्री ११ कपडे.’ कामाला येणाऱ्या बाईंच्या खाड्याला फुली. बाबांची साखर तपासायची तारीख. माझ्या मुलीची परीक्षा. आजीला अंघोळ घालायला येणाऱ्या बाईंना दिलेले पैसे. नणंदेकडचं बारसं.

माझी डायरी आणि हे कॅलेंडर शेजारी ठेवून पाहा. डायरी एका माणसाची, ती कपाटात किंवा बॅगेत. कॅलेंडर भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावं असं. डायरीत ‘मी’ आहे, कॅलेंडरमध्ये घरातलं प्रत्येक माणूस आहे. डायरी विचारते, माझ्यासाठी काय महत्त्वाचं? कॅलेंडर विचारतं, कोणाचं काय कधी आहे? नियोजनाचं साधन म्हणून मला कॅलेंडर जास्त प्रगल्भ वाटतं, हे मी स्पष्ट म्हणतो.

पण मग त्याची उणीवही स्पष्ट म्हणायला हवी, आणि ते मला जरा जड जातं.

२००६ च्या कॅलेंडरमध्ये मार्चच्या एका चौकोनात आईने लिहिलंय, ‘डोळे’. एवढंच. एप्रिलमध्ये पुन्हा ‘डोळे’. मे महिन्यात नाही, तेव्हा आजी पडली होती. जूनमध्ये आहे. ऑगस्टमध्ये आहे, आणि त्यावर काट मारून बाजूला ‘गॅस’ लिहिलंय, बहुधा त्या दिवशी सिलिंडर यायचा होता आणि कोणीतरी घरी हवं होतं. नोव्हेंबरमध्ये आम्ही तिला घेऊन गेलो. काचबिंदू. डाव्या डोळ्याची बरीचशी नजर गेलेली होती, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची, थेंब घालून. तो दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने दिसायचं कमी होत जातं, आणि दुसरा डोळा सांभाळून घेतो.

कव्हींच्या दुसऱ्या घराचं याहून चोख उदाहरण मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. महत्त्वाचं, पण तातडीचं नाही. त्या घराला नाव देणं हे या पुस्तकांचं खरं देणं आहे, ते नाकारून चालणार नाही. जे ओरडत नाही ते मागे पडतं, हे त्यांनी बरोबर हेरलं. स्वयंपाकघरातला क्रम सगळी कामं सांभाळतो, पण ज्या कामावर दुसरं कुठलंच काम अडलेलं नसतं, ते त्या गुंफणीतून निसटतं. आईच्या डोळ्यांवर कोणाचा डबा अडलेला नव्हता.

म्हणून कोणी म्हणेल, मग आईला ती चौकट शिकवायला हवी होती. मीही काही दिवस तसं म्हणायचो. पण कॅलेंडर पुन्हा बघा. तिने ते चार वेळा लिहिलंय. तिला महत्त्व कळलेलं होतं, तिने वेळही ठरवला होता. तिला हवी होती एक सकाळ, आणि त्या सकाळी आजीपाशी बसणारं, सिलिंडर घेणारं दुसरं कोणीतरी. तिच्या यादीत चूक नव्हती. यादी एकटीची होती, ही चूक होती.

आणि त्याच वर्षीची माझी डायरी माझ्याकडे आहे. त्यातही दुसरं घर आहे, दर सोमवारी आखलेलं. त्यात लिहिलंय: ‘व्यायाम’, ‘वाचन’, ‘इंग्रजी सुधारणे’. कॅलेंडर माझ्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर होतं. मी रोज त्याखाली चहा प्यायचो.

या पुस्तकांवरचा माझा आक्षेप तिथून सुरू होतो. ती मला आळशी करत नव्हती, उलट फार तत्पर करत होती. माझं काय आणि माझं काय नाही याची रेघ ती इतकी स्वच्छ मारून देत होती की रेघेपलीकडचं वाचायचं मी सोडून दिलं. ‘नाही म्हणायला शिका’ हे तर त्यांचं लाडकं प्रकरण. मी शिकलो. आई कोणाला नाही म्हणणार होती? अलीकडे ऑलिव्हर बर्कमन यांचं ‘फोर थाउजंड वीक्स’ आलंय, २०२१ चं. सगळं उरकता येणार नाही हे मान्य करा, असं म्हणणारं. लिहिलंय चांगलं, आणि या साहित्यातला गर्व त्यात उतरलेला आहे. तरीही काय सोडायचं ते निवडायला आधी निवड हातात असावी लागते, हा प्रश्न राहतोच.

इतकंच बोलायचं होतं. प्रश्न असतील तर घेऊ.

(एका श्रोत्याचा प्रश्न : सर, मग तुम्ही चौकट आखायचं बंद केलंत का? आणि आम्ही काय करावं?)

नाही, बंद नाही केलं. अजून आखतो, फक्त डायरीत नाही. रविवारी संध्याकाळी कॅलेंडर खाली काढतो. आईला आता चौकोनातलं वाचायला त्रास होतो, ती सांगते, मी आणि बायको लिहितो. प्रत्येक नोंदीपुढे नाव घालतो, हे काम कोणाचं. आणि मागच्या महिन्यातली जी नोंद पुढे ढकललेली असेल तिला लाल पेन. दोनदा ढकलली गेली तर ज्याची नोंद त्याने काही करायचं नाही. बाकीच्यांनी ठरवायचं की त्या दिवशी त्याचं दुसरं काम कोण घेणार. पहिल्या महिन्यात भांडणं झाली. (हशा) मटकी भिजत घालायचं काम माझ्याकडे आलंय, तीनदा विसरलो. तुम्ही काय करावं ते मला सांगता येणार नाही, तुमच्या घरात कोण आहे मला ठाऊक नाही. पण घरी गेल्यावर कॅलेंडर वाचा एकदा. गेल्या वर्षीचं असेल तर तेही.